ढगाच्या आधी

बाबा गेले आणि त्यांची खुर्ची लेकीच्या गळ्यात पडली. काम काय, तर तळघरात बसून अख्खी इमारत सांभाळायची. गच्चीभर सोलर पॅनेल; पण उन्हाचा काय भरवसा! ढग आला की वीज धपकन घटते, गेला की उसळते. हे हेलकावे इमारतीनेच पोटात घालायचे. ढग आला की हवा खेळवणारे मोठे पंखे मंद, पाण्याचे पंप बंद. ऊन आलं की पुन्हा जोरात. वरच्या मजल्यांवर कुणाला पत्ताही लागत नाही. पंखे मंदावले की बाबा म्हणायचे, "सावकाश, बाई, सावकाश." इमारतीला बाई म्हणणारा माणूस तो!

त्या खुर्चीत बसल्यावर लेकीला भलतंच दिसलं. पंखे ढगाच्या आधीच मंदावायचे. पडद्यावर लख्ख ऊन, पंखे मात्र दबकलेले. मग ढग यायचा. तिच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. आणि शहाणीने हे घरी जाऊन सांगितलं.

झालं! आईचा रोज दुपारी फोन. "फोन हवेच्या झरोक्याला लाव गं, पंखे ऐकू देत. आले का हे?" मग ऐकतच बसायची. जेवण नाही, औषध नाही, अंगाची नुसती काडी. दादा कडाडला, "अशाने आईही हातची जाईल. तूच लावलंस हे भूत, तूच उतरव."

पंख्यांच्या पेटीतून निघालेली एक अनोळखी तार धरून ती निघाली, ती आवाराच्या पार पश्चिम टोकाला, गोदामाच्या छपरावर पोचली. तिथे बाबांनी ताटाएवढं जुनं पॅनेल बांधून ठेवलं होतं. ढग नेहमी तिकडूनच यायचे. हा तुकडा आधी झाकोळायचा आणि पंख्यांना वर्दी द्यायचा. एवढंच! तिला हसू आलं, आणि मग ती तिथेच बसून हमसून रडली. बाबा दुसऱ्यांदा गेले होते.

तिने पॅनेल सोडवलं, यंत्रणेतून त्याचं नाव काढलं आणि आईला दाखवायला पिशवीत घातलं. त्यानंतर सकाळभर पंखे गुमान ढगामागून मंदावत राहिले.

दुपारी फोन वाजला. तिने सवयीने तो झरोक्याशी धरला, मग कानाला लावला.

"आई, नीट ऐक. ह्यात बाबा नाहीत. मी सगळं शोधून..."

पंखे मंदावले.

पडद्यावर लख्ख ऊन. पॅनेल समोर, पिशवीत.  तिला फार भीती वाटली, आणि खोटं कशाला, बरंही वाटलं. मग ढग आला.

"आज बोलले गं," आई म्हणाली. तिचा आवाज कितीतरी दिवसांनी पहिल्यासारखा लागला. "सावकाश, बाई, म्हणाले. मलाच म्हणाले. एवढी घाई कशाला करतेस यायची, म्हणून. जेवून घेते बाई मी."

फोन ठेवल्याचा आवाज आला. लेक हळूच बाबांच्या खुर्चीतून उठली आणि बाजूच्या स्टुलावर जाऊन बसली.