पाच नंबरचा बूट

क्रेगीबर्न या शहराबाहेरच्या उपनगरातल्या आमच्या घराला बारा वर्षं झाली, आणि या बारा वर्षांत बूट घालून कोणी आत आलेलं नव्हतं. प्लंबर आला, इंटरनेटवाला आला, जाडजूड बुटांतला सुतार आला. सुखदाने प्रत्येकाला दारातच "शूज, प्लीज" म्हणून अडवलं. शेजारचा ग्रॅहम तर बेल वाजवायच्या आधीच बूट काढून, मोजे वर ओढून उभा असतो. सुखदा माझी बायको. चाइल्डकेअरमध्ये काम करते, दिवसभर पोरांचे बूट काढते-घालते आणि घरी आल्यावर माझ्या मागे लागते. विसरलेला डबा घ्यायला दोन पावलं आत जायचं तरी लेस सोडायची, याचा मला भारी वैताग यायचा.

गेल्या फेब्रुवारीत एका बुधवारी दुपारी तीन वाजता मागचं सरकतं दार फोडून एकजण घरात शिरला. अंगात हुडी, तोंडावर काळा मास्क, हातात हातभर लांब सुरा. बाहेर चालू गाडीत आणखी दोघं. बुधवारी सुखदाची सुट्टी असते. ती ओट्याशी कोथिंबीर निवडत होती.

"कार कीज. नाऊ," तो म्हणाला.

सुखदाची नजर फरशीकडे गेली आणि बारा वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून निघालं, "शूज."

तो थांबला. खाली वाकला आणि त्याने एक बूट खरंच काढला. दुसऱ्याला हात घालतोय तोच बाहेर हॉर्न वाजला. मग त्याने हुकावरची किल्ली ओढली आणि एका पायात बूट, एका पायात मोजा, असा पळाला. आमची गाडी गेली आणि बूट राहिला.

मी शहरात ऑफिसात होतो. फोनवर ती एवढंच म्हणाली, "घरी ये, कोणीतरी घरात आलं होतं," आणि फोन बंद पडला. ट्रेनमधली ती पन्नास मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. पोहोचलो तेव्हा पोलीस आले होते आणि सुखदा त्यांना सांगत होती, "पाच नंबरचा आहे. लहान मुलाचा पाय आहे हा."

चार दिवसांनी तिघंही सापडली, आमची गाडीही. आमच्या घरात आलेला तो म्हणजे पंधरा वर्षांची एक मुलगी निघाली. तिचं नाव कायद्याने सांगता येत नाही, आणि आता मला सांगावंसंही वाटत नाही.

तेव्हा मात्र मला चारचौघांत नाव घेऊन ओरडावंसं वाटत होतं. मी तसा तापटच आहे. पुढच्याच शनिवारी यतीनच्या घरी जेवायला जमलो होतो, तिथे मी सगळी हकीकत सांगितली, बुटासकट. बुटापाशी सगळे खो-खो हसले. "वहिनी, चहा पण विचारायचा ना," यतीन म्हणाला. मीही हसलो. सुखदा हसल्यासारखं करून ताटं उचलायला गेली.

यतीन आमच्या भागातल्या मराठी सेफ्टी ग्रुपचा ॲडमिन. त्याच्या डायनिंग टेबलवर आम्ही अर्ज तयार केला. मागण्या दोन: पोलिसांची गस्त वाढवा, आणि हिंसक गुन्हा करणाऱ्या पोरांना मोठ्यांची शिक्षा द्या. नऊशे सह्या जमल्या. त्या दिवसांत क्रेगीबर्नमध्ये दुसरा विषयच नव्हता. स्टेशनवर, शाळेच्या गेटपाशी, क्रिकेटच्या मैदानावर, जिथे जावं तिथे वाद. कोणी म्हणे जामीनच देऊ नका, कोणी म्हणे पोरांना संध्याकाळी जायला जागा नाही, बास्केटबॉल कोर्टाचे दिवे सात वाजता बंद करता, मग आणखी काय होणार. ग्रॅहम कुंपणावरून म्हणाला, "मेट, लहान चोराला मोठ्या चोरांच्यात ठेवलं तर तो काय शिकेल?" मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही.

आणि मी जिथे जाईन तिथे आमची गोष्ट सांगत होतो. सुरा, मास्क, एकटी बाई. बूट मी गाळून टाकला. बूट आला की लोक हसतात आणि मुद्दा हलका होतो, हे मला यतीनच्या घरीच कळलं होतं.

मे महिन्यात पब्लिक फोरम ठरला. कौन्सिलचे लोक येणार, आमदार येणार, बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं.

"तू बोल," मी सुखदाला म्हणालो. "तुझ्यावर बेतलं होतं. तू बोललीस की हॉल गप्प होईल."

"मी बोलले तर बुटासकट बोलेन."

"अगं, बूट कशाला? मुद्दा काय आहे आपला?"

"तुझा मुद्दा काय आहे ते तू बघ. माझ्या घरात जे झालं त्यात बूट होता."

मी चिडून बागेत गेलो. ही बाई कधी सरळ ऐकेल तर शपथ.

दोन दिवसांनी यतीन सह्यांचे कागद घेऊन आला. पाऊस पडत होता. तो फोनवर बोलत बोलतच आत शिरला, बूट न काढता, थेट टेबलापर्यंत. सुखदा ओट्याशी होती. तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं आणि काही न बोलता चहा ठेवला. यतीन गेल्यावर ती खाली बसून चिखलाचे ठसे पुसायला लागली.

"त्याला बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"बोलून काय होतं? लोक हसतात."

 मग एकेक आठवायला लागलं. फेब्रुवारीपासून नवीन दार बसवणारा येऊन गेला, कुरियरवाला खोकं आत ठेवून गेला, मी स्वतः दोनदा तसाच आत आलो होतो, आणि ती कोणालाच काही म्हणाली नव्हती. मला वाटलं होतं, बाई सुधारली. तीन महिने माझी बायको स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी वावरत होती आणि मी बाहेर तिच्या सुरक्षेची भाषणं करत फिरत होतो. मला माझी लाज वाटली.

"मला त्या मुलीला भेटायचंय," ती फडकं पिळत म्हणाली. "कोर्टाकडून पत्र आलंय. ग्रुप कॉन्फरन्स म्हणतात, समोरासमोर बसून बोलायचं. तिने गुन्हा कबूल केलाय, आपली इच्छा असेल तर जायचं. मला तिला एकच गोष्ट विचारायचीय."

एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी म्हणालो, "मी येतो बरोबर."

फोरमच्या दोन दिवस आधी आम्ही गेलो. एका कम्युनिटी सेंटरमधली खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, मध्ये टिश्यूंचा डबा. मुलगी आजीबरोबर आली होती, तिला ती नॅन म्हणे. मनगटापर्यंतच्या बाह्या ओढून ओढून तिने पंजे झाकले होते. सुखदाच्या चाइल्डकेअरच्या गॅदरिंगला पोरं कविता म्हणतात तसं एका दमात तिने माफीचं पत्र वाचलं. मग मला बोलायला सांगितलं. मी लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला आणि तिला त्या पन्नास मिनिटांबद्दल सांगितलं. बायको जिवंत आहे की नाही हे माहीत नसताना ट्रेनमध्ये उभं राहणं काय असतं, ते सांगितलं. माझा आवाज चढला. तिने मान वर केली नाही.

मग सुखदा म्हणाली, "मी शूज म्हणाले तेव्हा तू का थांबलीस?"

मुलीने बाह्या आणखी खाली ओढल्या. "यू साउंडेड लाइक नॅन," ती म्हणाली. "नॅनकडे कार्पेटवर बूट चालत नाहीत. आय जस्ट फरगॉट. मी काय करायला आलेय तेच विसरले."

शेजारी बसलेल्या आजीने तोंडावर हात धरला.

"म्हणजे तुला ऐकू गेलं होतं," सुखदा म्हणाली.

"येस. आय हर्ड यू."

"ओके," सुखदा म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकून बसली. एवढंच. गाडीत बसल्यावर पट्टा लावताना ती पुन्हा, बहुतेक स्वतःशीच, म्हणाली, "ऐकलं होतं तिने." घरी पोहोचेपर्यंत मी रेडिओ लावला नाही.

त्या खोलीतलं बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे. आज सांगतोय ते त्या आजीला आणि मुलीला विचारून. पण बूट आमच्या घरातला होता. गुरुवारी संध्याकाळी भरलेल्या हॉलमध्ये मी माइकसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, बुटासकट. मागे कोणीतरी हसलं.

"मीही हसलो होतो," मी म्हणालो. "हसायला नको होतं. हातात सुरा असलेल्या मुलीला त्या दिवशी कोणी थांबवलं असेल, तर माझ्या बायकोने."

गस्त वाढवा, ही मागणी मी जोरात वाचली. दार फोडणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, हे मी तिथेही म्हणालो आणि आजही म्हणतो. पण दुसऱ्या मागणीखाली माझी सही होती, ती मी खोडली होती, आणि खोडली आहे हे सांगून खाली उतरलो. थोड्या टाळ्या वाजल्या. यतीनने माझ्याकडे पाहिलंही नाही. दारापाशी एका बाईने मला गाठलं. तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर वार झाला होता. "तुमच्याकडे बूट काढला," ती म्हणाली. "आमच्याकडे नाही काढला." मी तिचा हात हातात घेतला आणि निघालो.

सुखदा आली नव्हती. घरी बसून लॅपटॉपवर बघते म्हणाली होती. त्या बाईचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. किल्ली हुकाला लावली आणि विचारात तसाच चालत ओट्यापर्यंत गेलो.

सुखदा पोळ्या लाटत होती. तिने मागे वळून आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे.

"भास्कर, बूट."

मी जागच्या जागी थांबलो.  खाली वाकलो आणि लेस सोडायला लागलो.

"तिथे नाही, दारात जाऊन काढ," ती म्हणाली. "आणि येताना फडकं घेऊन ये. कुठून कुठपर्यंत चाललास ते मला दिसतंय."

मी दारात बूट काढले, फडकं ओलं केलं आणि गुडघ्यांवर बसून दारापासून ओट्यापर्यंत फरशी पुसत आलो. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी फरशी पुसली नव्हती.