दुखलं तर डावा हात वर

“दुखलं तं डावा हात वर करजा, बाई. म्याडम लगेच थांबते,” असं म्हणत कुंताबाईने सुलोचनाबाईंच्या गळ्याशी कागदी रुमाल अडकवला. भंडाऱ्याच्या या दातांच्या दवाखान्यात वीस वर्षं मदतनीस म्हणून काढल्यावर हे वाक्य ती झोपेतही म्हणत असावी.

सुलोचनाबाई गोसीखुर्दच्या धरणात गेलेल्या एका गावच्या. किडलेल्या दाढेचं दुखणं त्यांनी महिनाभर लवंगेवर काढलं होतं.

डॉक्टर तृप्तीकडे नवं अल्ट्रासॉनिक मशीन आलं होतं. त्याचं बारीक टोक नुसतं थरथरतं आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली कीड खरवडून काढतं. याने फारसं दुखत नाही, सुईही लागत नाही, असं तृप्ती कौतुकाने सांगायची. नव्या सुनेने पहिल्या भाजीबद्दल विचारावं, तसं ती दर पेशंटला विचारायची.

“दुखून राहिलं का, आजी?”

सुलोचनाबाईंनी नकारार्थी मान हलवली. हात मांडीवरून हलला नाही.

कुंताबाईने तोंडातलं पाणी ओढणारी सक्शनची नळी धरली होती, पण नजर खुर्चीच्या दुसऱ्या टोकाला होती. तोंड उघडं असलेल्या माणसाचं खरं काय ते पाय सांगतात, हे तिला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. सुलोचनाबाईंच्या पायाची बोटं घट्ट आत वळली होती.

“थांबा म्याडम. यायले दुखून राहिलं.”

तृप्तीला रागच आला. “त्या नाही म्हणतात ना?”

“पाय पाहा त्यायचे.”

तृप्तीने पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. “काहून नाही सांगितलं, आजी?”

सुलोचनाबाईंनी चूळ भरली. “तुमी एवढ्या मन लावून करून राहिल्या, मधातच कशी टोकू? आन मले सवय हाय जी.”

कुंताबाईला भरून आलं. पहिल्या बाळंतपणात, बाहेर सासरे बसलेत म्हणून, तिनेही तोंडात पदर कोंबला होता.

तृप्तीने सुई दिली. दाढ बधिर झाल्यावर कुंताबाईने सुलोचनाबाईंचा डावा हात स्वतःच उचलून दाखवला. “असा. लाजू नका.”

मशीन सुरू झालं आणि लगेच हात वर गेला. तृप्ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हात वर. तिसऱ्यांदा तर टोक दाढेला लागलंही नव्हतं.

“आता कुठं दुखलं, आजी?”

“एकदाबी नाही दुखलं जी.” सुलोचनाबाईंची जीभ जड झाली होती. “गाव उठवलं तवा आमी लय डाव ‘थांबा’ म्हटलं. कोणी थांबलं नाही. तुमी थांबता का, पाहून राहिली.”

तृप्तीने मशीन बंद करून बाजूला ठेवलं. बाहेर दोन पेशंट ताटकळत होते. कुंताबाईने स्टूल ओढलं आणि ती खुर्चीजवळ बसली. सुलोचनाबाईंचा हात अजून वरच होता. तो खाली येईपर्यंत दोघी थांबून राहिल्या.