सक्ती नसलेला हप्ता

मित्रांनो, मी धार लावायचा एक जुना दगड आहे. आज बशीएवढा दिसतो म्हणून हसू नका. एके काळी मी ताटाएवढा होतो. मला कापून काढलं तेव्हा माझा डोंगर तीन दिवस रुसून बसला होता म्हणतात. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

एका धारवाल्याने मला हातगाडीवर बसवलं. उजव्या पायाने तो पायडल मारी, मी गरगर फिरे आणि ठिणग्यांचा पिसारा फुले. आमच्याकडे धार लावलेल्या सुरीने एका आचाऱ्याने कांदा चिरला, तर आपण चिरले गेलोय हे कांद्याला दुपारपर्यंत कळलंच नाही. शिंपी, न्हावी, खाटीक, सगळे मला वाखाणत. पण कौतुकाने मी काही वाढलो नाही, झिजतच गेलो.

पुढे लोक बोथट सुरी फेकून नवी घेऊ लागले. कमाई घटली. म्हातारपणी पेन्शन मिळावी म्हणून तो ज्या सामाजिक विम्याच्या कचेरीत दरवर्षी हप्ता भरे, तिथून तेव्हा पत्र आलं की, उत्पन्न कमी असल्याने हप्ता भरायची सक्ती नाही, इच्छा असल्यास भरावा. धारवाला पहिल्याच वाक्यावर खूश झाला. त्याला वाटलं, हे वर्ष आपल्याला फुकटात मिळालं. असं तीन वर्षं चाललं.

मग त्याचा उजवा गुडघा कुरकुरू लागला. पोटाला चिमटा काढून त्याने मोटरीसाठी पैसे साठवले. मोटर आली की पायडल नको, आणि मीही नको. तिच्यासोबत नवा दगड येतो. खरेदीआधी सहज तो पेन्शनची चौकशी करायला कचेरीत गेला. गाडी खिडकीखालीच होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"काका, तुमची तीन वर्षं कोरी आहेत," आतल्या बाई म्हणाल्या. "ती भरल्याशिवाय पेन्शन बसत नाही."

"अहो, सक्ती नाही असं तुम्हीच लिहिलं होतं."

"सक्ती नव्हतीच. पण न भरलेलं वर्ष धरत नाहीत. महिनाअखेरपर्यंत मागचं भरता येईल. नंतर नाही."

पैसे एकाच गोष्टीपुरते होते, मोटर किंवा हप्ता. तो थेट थोरल्या बहिणीच्या दारात आला. ती रफूचं काम करते आणि पडत्या काळातही स्वतःहून हप्ता भरत आली आहे.

"मी मोटरच घेतो, ताई. धंदा हीच माझी पेन्शन," माझ्यावर थाप मारत तो म्हणाला.

"नीट बघ तिच्याकडे. दरवर्षी झिजतेय तुझी पेन्शन."

"पण सक्ती नाही ना गं."

"जेवायची तरी कुठे सक्ती आहे? दोन वेळा बसतोसच की ताटावर."

"आणि भरून मी लवकर गेलो तर? पैसे पाण्यात."

"आणि नव्वदीपर्यंत जगलास तर? माझ्याच दारात बसशील. मी रोज सकाळी तुला ऐकवीन."

यावर तो उजवा गुडघा चोळू लागला. मग हळूच म्हणाला, "गुडघ्याचं काय करू?"

ताईने सुईत दोरा ओवला. "डावा पाय काय शोभेला ठेवलायस?"

हप्ता भरला तर मी वाचणार होतो, तेव्हा माझाही स्वार्थ होता, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी त्याने तिन्ही वर्षं भरली आणि तो डाव्या पायाने पायडल मारायला शिकला. पहिला आठवडा मी भोवळ आल्यासारखा फिरलो. एका शिंप्याच्या कात्रीची तर करवत झाली. गुडघा काही बरा झाला नाही. पण दोन वर्षांनी पेन्शन सुरू झाली. आता तो मनात येईल तेव्हाच गाडी काढतो, आणि ताईच्या दारात जातो तो फक्त चहाला.

मित्रांनो, मी दगड. झिजून संपणं एवढंच माझ्या हाती आहे. माणसाला मात्र झिजण्याआधी थोडं बाजूला ठेवता येतं. घरात खायलाच नसेल तर आधी जेवा, पण वर्ष कोरं सोडण्याआधी कचेरीत विचारा तरी. तुमच्या घरी कोणी स्वतःच्या हिमतीवर थोडंथोडकं कमवत असेल, तर संध्याकाळी त्याचे पाय चेपता चेपता विचारा, "यंदाचं वर्ष भरलंत का?" तो रागावेल. रागावू द्या. पाय मात्र सोडू नका.