मृताला दोनदा, घरच्यांना एकदा

फुटबॉलचे दिवंगत प्रशिक्षक प्यो ग्वांगसू यांच्या तसबिरीपाशी त्यांची मुलगी ईदाम दोन दिवस उभी होती. भाऊ नव्हता, म्हणून आलेल्या प्रत्येकाला वाकून उलट नमस्कार करायचं तिच्याकडे आलं होतं. माणसं तसबिरीपुढे दोनदा गुडघे टेकत, तिच्यापुढे एकदा, आणि शेजारच्या दालनात रश्श्याच्या वाडग्यापुढे जाऊन बसत. चार क्लब आणि दोन देशांचे संघ सांभाळलेल्या माणसाला माणसांची वाण नव्हती.

"ग्यूहो येतोय," काका कानाशी म्हणाले.

राष्ट्रीय संघाचं प्रशिक्षकपद बाबांकडून अकरा महिन्यांत काढून घेणाऱ्या समितीतला दो ग्यूहो. तेही फोनवर, बाबा विमानतळावर बॅगांची वाट बघत असताना. नंतर बाबा परक्या देशाचा संघ शिकवायला गेले. सुट्टीला घरी आले आणि टीव्हीवर आपल्या देशाचा सामना लागला, की उठून जायचे.

"त्याला मी वाकणार नाही, काका."

"मग लोकांना काय सांगू? पोरीची कंबर धरली?"

"सांगा."

"बापावर गेलीस अगदी. तोही हरला की हात न मिळवता निघून यायचा."

ग्यूहो आला आणि तसबिरीपुढे नुसताच उभा राहिला.

"मस्ती बघा, गुडघासुद्धा टेकत नाही," दालनातून कोणीतरी पुटपुटलं.

मग त्याने भिंत धरली, उजवा पाय तसाच ताठ बाजूला सरकवला आणि कसाबसा खाली बसून वाकला. उठला. दुसऱ्यांदा वाकल्यावर मात्र त्याला उठता येईना.

"पायाला काय झालंय?" ईदामने विचारलं.

"सरांनी सांगितलं नाही कधी?" त्याला धाप लागली होती. "ब्याण्णवची फायनल. माझा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. सर डॉक्टरांना म्हणाले, इंजेक्शन द्या, नव्वद मिनिटं काढेल. काढली. कप आणला."

त्याच कपानंतर बाबांना मोठे क्लब बोलवू लागले होते.

"म्हणून काढलंत त्यांना?"

"बैठकीत माझं एकच मत होतं, ईदाम. पण ते देताना गुडघा आठवला नाही, असं मी म्हणणार नाही."

काका त्याला उठवायला पुढे झाले. त्याने मानेनेच नको म्हटलं, बसल्या जागी तिच्याकडे वळला आणि दोन्ही हात जमिनीला टेकवले.

तिने त्याला माफ केलं नव्हतं. पण बाबांच्या वतीने माफी मागायला आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकली.