डीएचा बाप सांगतोय

ईश्वर रामटेके सकाळपासून खिडकीशी जाऊन येत होते. खिडकीबाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. अमेरिकेतल्या जॉर्जियात, अल्फारेटा गावाच्या पुढे जी नवी घरं झाली आहेत, तिथल्या खिडकीतून समोरच्या घराची तशीच खिडकी दिसते, एवढंच.

"बसा ना हो एका जागी," सावजी रश्श्याला फोडणी घालता घालता शीलाबाई म्हणाल्या. "पोरगी निवडणुकीला उभी होती तेव्हाही एवढ्या येरझाऱ्या नव्हत्या घातल्या तुम्ही."

"तेव्हा सगळं मतदारांच्या हातात होतं. आज माझ्या हातात आहे."

काळजीचं कारण नेमकं तेच होतं, पण शीलाबाईंनी ते बोलून दाखवलं नाही.

पोरगी म्हणजे उपासना. इथेच जन्मली, इथेच वकील झाली आणि गेल्या वर्षी कौंटीची डिस्ट्रिक्ट अॅटर्नी ऊर्फ डीए, म्हणजे जिल्ह्यातल्या फौजदारी खटल्यांची मुख्य सरकारी वकील म्हणून निवडून आली. इथे सरकारी वकीलही मतं मागून होतो. तिच्यासाठी ईश्वररावांनी गुडघेदुखी विसरून दारोदार पत्रकं वाटली होती. निकालानंतर मराठी मंडळींची अशी समजूत झाली, की कलेक्टर, पोलीस कमिशनर आणि हायकोर्टाचे जज एकत्र दळले की डीए तयार होतो. कोणी ओव्हरस्पीडिंगच्या दंडाचं तिकीट घेऊन आलं, कोणी व्हिसा स्टॅम्पिंगचं रडगाणं. एका काकूंना शेजाऱ्याच्या कुत्र्याचा बंदोबस्त हवा होता.

"बाबा, मी खून, दरोडे, मारामाऱ्या बघते. कुत्री नाही."

"आणि कुत्र्याने मारामारी केली तर?"

उपासनाने कपाळावर हात मारला आणि एकदाच नीट समजावलं. पोलीस पकडतात, जज शिक्षा देतो. कोणावर काय आरोप ठेवायचा, ठेवायचा की नाही, हे मी ठरवते. आणि केसबद्दल मी घरी बोलत नाही. नेव्हर. ईश्वररावांनी यातलं 'मी ठरवते' एवढंच लक्षात ठेवलं.

आणि मग वीरची भानगड झाली. वीर पुण्याचा, आयटीतला, व्हिसावर आलेला. रविवारच्या क्रिकेटमध्ये त्याला पायचीत दिलं, विकेटकीपर देवांग फिदीफिदी हसला आणि वीरने बॅट फिरवली. देवांगचं मनगट मोडलं. आपल्याकडे असतं तर दोघांनी महिनाभर तोंडं फिरवली असती आणि पुढच्या मॅचला एकाच स्कूटरवरून आले असते. इथे कोणीतरी पोलिसांना फोन केला आणि बॅट हे प्राणघातक शस्त्र ठरलं. वीरची आजवरची धावसंख्या पाहता त्याच्या बॅटीचा एवढा गौरव कोणीच केला नव्हता. पण गुन्हा सिद्ध झाला असता, तर नोकरी गेली असती, व्हिसा गेला असता आणि पोरगा परत पुण्याला.

नागपुरात इंदोऱ्याला ईश्वररावांचे वडील वस्तीतली भांडणं मिटवायचे. दोघांना समोरासमोर बसवायचं, एका ताटात जेवायला लावायचं, विषय संपला. ईश्वररावांनी देवांगला फोन केला, तर तो आधीच निवळलेला. "काका, मला काहीच नको यार. मी कंप्लेंट मागे घेतो." बेत ठरला. रविवारी उपासना जेवायला येतेच. दोघांना एका टेबलावर पाहील आणि सोमवारी फाइल बंद करील.

कुरकुर केली ती वीरनेच. "पण काका, जजने सांगितलंय, केस चालू आहे तोवर देवांगला भेटायचं नाही. फोनसुद्धा नाही."

"अरे, ते भांडू नये म्हणून! मोठ्यांसमोर बसून जेवलं तर त्याला भेटणं म्हणतात का? ये तू. डीएचा बाप सांगतोय."

वीर आला.

देवांगचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून वीर त्याला भाकरी कुस्करून देत होता. ते पाहून ईश्वररावांचे डोळे भरून आले. त्यात रश्श्याचाही थोडा वाटा होता. एवढ्यात दार उघडून उपासना आत आली. एक बूट काढलेला, दुसरा पायात, अशीच थांबली.

"कोणी माझ्याशी एक शब्द बोलू नका," ती म्हणाली. "वीर, तू आत्ता घरी जा आणि वकिलाला फोन कर. बाबा, बाहेर या."

बाहेर येताच ईश्वरराव उत्साहाने म्हणाले, "मिटलं! देवांग कंप्लेंट मागे घेतोय."

"कंप्लेंट देवांगची नाहीच आहे, बाबा. केस स्टेट ऑफ जॉर्जियाची आहे."

"मग जॉर्जियालाही जेवायला बोलावू."

उपासना हसली नाही. "देवांगला न भेटण्याच्या अटीवर वीर जेलच्या बाहेर आहे. ती अट तुमच्या टेबलावर मोडली आणि मी ती मोडताना पाहिली. आता मी या केसमध्ये वकील नाही, साक्षीदार आहे. जजला मलाच कळवावं लागणार." मग हळू आवाजात तिने विचारलं, "त्याला कोण म्हणून बोलावलंत? ईश्वरकाका म्हणून की डीएचे बाबा म्हणून?"

ईश्वररावांना उत्तर माहीत होतं. म्हणूनच ते गुडघा चोळू लागले.

संध्याकाळी वीरचा फोन आला. रडका आवाज. "काका, वकीलबाई म्हणाल्या, डीए ऑफिस ऑफर देणारच होतं. राग आवरायचे क्लास, समाजसेवा, देवांगच्या हॉस्पिटलचा खर्च, आणि केस रद्द. या आठवड्यात. फक्त तोवर काही करायचं नव्हतं."

काही न करणं एवढंच काम होतं, आणि तेच ईश्वररावांना कधी जमलं नव्हतं. ते रात्रभर घरभर फिरले. शीलाबाईंनी दोनदा विचारलं, "काही शोधताय का?"

केस शेजारच्या कौंटीच्या वकिलाकडे गेली. अट मोडल्याबद्दल वीरला जेलमध्ये टाकायचं का, हे ठरवायला ईश्वररावांना साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी देवांग म्हणाला, "काका, मी सांगतो ना, मीच न सांगता टपकलो. तुमचं नाव नको, ताईचं नको." ऐकायला बरं वाटलं. तेवढ्यापुरते ते खुर्चीवर बसलेसुद्धा. मग उठले. "नको रे. एका जेवणात वीर आणि ताई बुडाले, तू खोटी साक्ष देऊन तिसरा कशाला?"

कोर्टात त्या वकिलाने विचारलं, "वीरने अटीची आठवण करून दिल्यावर तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

मागच्या बाकावर पेपरवाला पेन सरसावून बसला होता. ईश्वररावांनी घसा खाकरला. "मी म्हणालो, ये तू, डीएचा बाप सांगतोय." हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि इंग्रजीत ते फारच वाईट ऐकू आलं. मराठीत त्यात निदान थोडी माया होती. "तो नको म्हणत होता. मी माझ्या मुलीचं पद वापरलं. तिला माहीत नव्हतं."

जजबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि वीरला जेलमध्ये पाठवलं नाही. बाकीचं नंतर, म्हणाल्या.

पेपरात त्याच वाक्याचा मथळा आला. उपासनाच्या विरोधकाने तो मोठा करून छापून वाटला. त्या पत्रकांचा कागद ईश्वररावांच्या पत्रकांपेक्षा चांगला होता. पुढच्या रविवारी ती जेवायला आली, जेवली, शाळेतल्या मैत्रिणीच्या लग्नाबद्दल बोलली. केस आता तिची नव्हती, त्यामुळे त्याबद्दल ती काही विचारू शकत नव्हती आणि हे काही सांगू शकत नव्हते. शीलाबाई दोघांना आळीपाळीने वाढत राहिल्या.

"पेपर वाचलास?" शेवटी ईश्वररावांना राहवेना.

"वाचला. पुढची निवडणूक जड जाईल." तिने ताट बाजूला सारलं. "पण बाबा, तुम्ही खोटं बोलला असतात, तर मला तुमचीच केस पाठवावी लागली असती. त्याच शेजारच्या वकिलाकडे."

"पाठवली असतीस?"

"हो."

ईश्वररावांना हे ऐकून का कोण जाणे, बरं वाटलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर वीरचं नाव. उपासनाने ते पाहिलं, उठली, मागच्या अंगणात गेली आणि पाठ करून उभी राहिली.

"काका! ऑफर दिली!" वीर ओरडत होता. "समाजसेवा दुप्पट, आणि केस संपेपर्यंत हातात बॅट धरायची नाही. पण केस रद्द होणार काका, रद्द!"

ईश्वररावांनी फोन ठेवला. दार उघडून बाहेर आले. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग गुडघ्याची पर्वा न करता ते त्या एवढ्याशा अंगणात फेऱ्या मारू लागले, आणि उपासना कुंपणाकडे तोंड करून, काहीही न विचारता, त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत उभी राहिली.