संकेतांक सात

शहराच्या नकाशात माझ्या भावाचं घर हिरवं आहे. ते हिरवं मीच केलं, तीन वर्षांपूर्वी, एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी.

मी नगररचना विभागाच्या नकाशा कक्षात काम करते. आमचा नकाशा कागदाचा नाही, कॉम्प्युटरमधला आहे. रस्ते, नळ, इमारती, झाडी असे त्याचे थर असतात. हवा तो लावायचा, नको तो बंद करायचा. सगळ्यांच्या खाली विमानातून काढलेला फोटो. त्यावर माउसने एकेक छप्पर गिरवायचं आणि शेजारच्या तक्त्यात त्याचा संकेतांक टाकायचा. घर एक, दुकान दोन, असं करत करत झाडी सात. दिवसाला चारशे तुकडे. साहेबांचा नियम एकच, फोटोत दिसेल तेवढंच आखायचं. आपल्याला काय माहीत आहे ते नकाशाला सांगायला जायचं नाही. नियम चांगलाच आहे, नाहीतर जो तो आपल्या मेव्हण्याची गॅलरी नकाशात घुसवून मोकळा झाला असता.

दादाचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रा. अंगणातलं झाड असं काही फोफावलं होतं की वरून तळहाताएवढाही पत्रा दिसत नव्हता. त्याच घरात मी लहानाची मोठी झाले, लग्नापर्यंत तिथंच होते. त्या मंगळवारी तो हिरवा तुकडा पडद्यावर आला तेव्हा मी त्याला एका क्षणात ओळखलं. कडा गिरवल्या, सात टाकला आणि जेवायला गेले. काही वाटलं का? नाही. डब्यात काय होतं ते आठवतं, वाटलेलं काही आठवत नाही. जागेवर जाऊन तपासणारी माणसं नंतर दुरुस्ती करतील, असं मी धरून चालले होते. ती माणसं अर्धं शहर तपासून दुसऱ्या कामाला लागली. तेही मला माहीत होतं आणि त्याकडेही मी कानाडोळा केला.

यंदा नवा रस्ता निघाला. रस्ता कुठून न्यायचा ते आता कॉम्प्युटर सुचवतो. घरं पाडणं अवघड, झाडी तोडणं सोपं, हे त्याला आम्हीच शिकवलंय. त्यानं मुकाट्यानं सोपी वाट काढली आणि रेघ दादाच्या घरावरून गेली. फोटोच्या तारखेला नकाशात घर असेल तर ज्याचं घर रस्त्यात जाईल त्याला दुसरं घर मिळतं. त्यानंतरच्या बांधकामाला काही नाही. झाडीला तर नाहीच नाही.

दादा नोटीस घेऊन माझ्या टेबलाशी आला. शिंपीकाम करतो, टेप गळ्यात तसाच होता. मी त्याला त्याची गल्ली काढून दाखवली. शेजाऱ्यांची छपरं त्यानं बोटानं मोजली.

"आणि मी कुठंय?"

मी हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"ही झाडी झाली. घर कुठंय?"

"आखलेलं नाही."

"कुणी?"

"मी."

"तुला दिसलं नाही?"

"वरून दिसत नव्हतं."

"अगं, पण तू खाली राहायचीस ना?"

मी दुरुस्तीच्या अर्जाचा कोरा नमुना काढला. विचारलं तेवढंच मी बोलते. वहिनी म्हणते, हिला बोलायला पैसे पडतात.

दुरुस्तीचा अर्ज मी त्याच दिवशी भरला. त्यात नात्याची एक ओळ होती. मी 'सख्खा भाऊ' लिहिलं आणि माझी साक्ष बाद झाली. विजेचं बिल पुराव्याला चाललं असतं, पण मीटर आठ घरांत मिळून एक, तोही गल्लीच्या मालकाच्या नावावर. उरला तो जागेवरचा सर्व्हे. साहेब म्हणाले, "जुन्या फोटोत झाडी, जागेवर त्याच झाडाखाली घर. जुळलं की संपलं. सर्व्हेअर सातचा एक करील." दुसरी कुणी असती तर तिचा जीव भांड्यात पडला असता. मी तारीख लिहून घेतली आणि दादाला फोन केला.

"गुरुवारी माणूस येणार आहे. घर बघायला."

"त्याला घर नीट दिसायला पाहिजे, नाही का?"

"हो."

एवढंच बोलले मी. फोटो तीन वर्षांपूर्वीचा आहे, पुन्हा विमान फिरणार नाही, हे सांगितलं नाही. त्यानं विचारलं नव्हतं.

गुरुवारी सर्व्हेअरबरोबर मी गल्लीत वळले आणि मला घर चुकल्यासारखं वाटलं. सगळीकडे लख्ख ऊन. अंगणात बुंधा, भोवती भुसा, फांद्या भिंतीला लावून रचलेल्या. पत्रा धुऊन काढला होता. दादा इस्त्रीच्या शर्टात दारात उभा.

"दोन माणसं लावली, तीन दिवस गेले," तो म्हणाला. "ही रडली जरा. पण आता विमानातून काय, कुठूनही बघा म्हणावं!"

सर्व्हेअरनं टॅबमधला फोटो पाहिला, पत्रा पाहिला, परत फोटो पाहिला. मग मला बाजूला घेतलं. "मॅडम, फोटोत झाडी आहे. जागेवर झाडी नाही, घर आहे. इथं पर्याय एकच निघतो."

तो मला पाठ होता. टॅबमधली पर्यायांची यादी मीच बनवली आहे. झाडी तोडून नवीन बांधकाम.

"घर तेव्हाही होतं. झाडाखाली," मी म्हणाले. "बुंधा बघा केवढा आहे."

"बुंध्यावरून झाड होतं एवढं कळतं. घराचं काय?" त्यानं आवाज खाली आणला. "तुम्ही बहीण ना त्यांची?"

"हो."

"मग मी काय करू, सांगा."

माणूस वाईट नव्हता. टॅबवर बोट टेकवण्याआधी थांबला होता तो, मी काही सांगतेय का बघत. मी बुंध्याकडे बघत राहिले. त्यानं बोट टेकवलं, घराचे चार बाजूंनी चार फोटो काढले आणि गेला.

वहिनीनं चहा आणला. बसायला सावली नव्हती म्हणून आम्ही आत बसलो.

"काय लिहिलं गं त्यांनी?" दादानं विचारलं.

विचारलं म्हणून सांगितलं. "नवीन बांधकाम."

दादाचा चेहरा खुलला. "नवीन?" तो वहिनीकडे वळला. "ऐकलंस का? आपलं घर नवीन वाटलं त्यांना! पत्रा धुतला त्याचा परिणाम बघ."

वहिनीही हसली. किती दिवसांनी हसत होती कोण जाणे. मला तिथल्या तिथं रडू यायला हवं होतं. आलं नाही. कपात चहा तसाच होता, आणि दादा तिला सांगत होता की आता आतून रंगही लावून घेऊ.