कॉफीच्या डब्याचा आवाज

मी एक जुना डिझेल पिकअप आहे. कधीकाळी माझा रंग निळा होता, हे आता सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. मित्रांनो, माझ्या कष्टांच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण मला खरे तर एकाच दिवसाबद्दल बोलायचे आहे. त्या दिवशी मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो आणि ज्यांच्यासाठी ओरडत होतो त्यांना माझा आवाजच ओळखू येत नव्हता.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते लव्हर्नचे पहिले वाक्य. नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये त्याची कुरणे आहेत आणि त्यांवर चरणारी काळी गुरे. विक्रेत्याच्या अंगणात तो माझ्याभोवती दोनदा फिरला, चाकाला बुटाने टोचून पाहिले, इंजिन सुरू करायला लावले आणि बायकोला म्हणाला, "अर्डिस, हा बोलतो बरा."

"घ्या मग," अर्डिस म्हणाली. "घरात एक तरी बोलणारा येऊ दे."

लव्हर्न मुलखाचा अबोल माणूस. दिवसभरात त्याच्या तोंडून निघणारे शब्द बोटांवर मोजता यायचे, आणि त्यातले निम्मे माझ्या वाट्याला यायचे. "चल, म्हाताऱ्या," तो मला म्हणायचा. मी तेव्हा कोरा करकरीत होतो, पण मला ते आवडायचे.

हिवाळ्यात रोज सकाळी माझ्या पाठीवर गवताचे गठ्ठे आणि पेंडीच्या गोळ्या लादून आम्ही निघायचो. टेकडीवर मला उभा करून लव्हर्न पायाने ॲक्सिलरेटरवर तीनदा जोर द्यायचा आणि मी तीनदा गुरगुरायचो. बर्फातून काळे ठिपके हलायला लागायचे, मग त्यांच्या गाई व्हायच्या, आणि थोड्याच वेळात सगळा कळप माझ्याभोवती फुसफुसत उभा असायचा. मी चार वर्षांचा असताना उंदरांनी माझ्या भोंग्याची तार कुरतडली. "करू कधीतरी," लव्हर्न म्हणाला. गुरे इंजिनाच्या आवाजालाच धावत येत असताना भोंगा हवाय कुणाला?

आठव्या वर्षी माझ्या सायलेन्सरला भोक पडले. अर्डिसने स्वयंपाकघरातून कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, उभा कापला, भोकावर गुंडाळला आणि दोन पट्ट्यांनी आवळला. "नवा बसवेपर्यंत चालेल," ती हात पुसत म्हणाली. नवा कधी बसलाच नाही. डबा किंचित सैल राहिला होता, त्यामुळे माझ्या गुरगुरण्यात एक झर्र असा थरथराट मिसळला. त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक वासराने पहिल्या हिवाळ्यापासून तोच आवाज ऐकला. पेंड म्हणजे तो आवाज, एवढेच त्यांना ठाऊक होते.

त्यातली एक अर्धकानी. ती जन्मली त्या सकाळी इतकी थंडी होती की तिच्या कानांची टोके गोठून गळाली. लव्हर्नने तिला माझ्या आत, पायापाशी ठेवले आणि गरम हवा सोडली. दोन तास ती तिथे पडून होती, आणि दोन तास मी झर्र झर्र करत जागेवर चालू होतो. पुढे ती कळपाची पुढारीण झाली. ती ज्या बाजूला वळे, त्या बाजूला सगळ्या वळत. शेजारचे लोक कुंपणापाशी थांबून बघायचे आणि म्हणायचे, "लव्हर्न, तुझ्या गाई तुझ्या बायकोपेक्षा जास्त ऐकतात." अर्डिस म्हणायची, "त्यांना पेंड मिळते. मला काय मिळतं?"

सहा वर्षांपूर्वी अर्डिस गेली. डब्यावरची लाल अक्षरे त्याच्या आधीच जळून गेली होती, पण डबा राहिला.

गेल्या सप्टेंबरात लव्हर्न घोड्यावरून पडला. त्याच्या खुब्याचे हाड मोडले. त्याला लांब शहरातल्या इस्पितळात नेले आणि ओमाहाहून त्याची मुलगी डार्ला आली. वीस वर्षे ती शहरात राहिलेली. गुरांची माहिती तिला होती, पण जुनी. लव्हर्नने पलंगावरून तिला पन्नास सूचना दिल्या. "तुला जमेल" असे मात्र एकदाही म्हटले नाही. मित्रांनो, तो शब्द ऐकण्यासाठी ती किती राबली ते मी पाहिले आहे. तिने कुंपणे नीट केली, पवनचक्कीची दुरुस्ती केली, घर धुऊन काढले. मग तिची नजर माझ्यावर पडली.

त्यात तिची चूक नव्हती. माझ्या सायलेन्सरचा धूर आत शिरायचा आणि तिचे डोके दुखायचे. तिने मला ड्वेनकडे नेले. ड्वेन तिच्या शाळेतला, आता गाड्या दुरुस्त करणारा. तो माझ्याखाली सरकला आणि खालूनच हसायला लागला.

"हे काय, कॉफीचा डबा? डार्ला, तुझ्या आईनं गाडी दुरुस्त केलीय का नाश्ता?"

डार्लाही हसली. "धूर आत येतो रे. नवा सायलेन्सर घाल."

"सायलेन्सर कशाला? सरळ नळीच घालतो, चांगली जाड. मागं दोन धुराडी उभी करतो. म्हाताऱ्याचा श्वास मोकळा होईल. चढावर गठ्ठे ओढताना बघ मग."

"बाबांना आवडेल?"

"आवडेल? दारातच टोपी काढतील."

करवत माझ्या पोटाखाली चालली. जुना सायलेन्सर डब्यासकट खाली पडला. ड्वेनने तो माझ्याच पाठीवर टाकला आणि डार्लाने घरी आणून गोठ्यामागच्या खड्ड्यात फेकला. आमच्याकडे वारा टेकडीची वाळू उकरून मोठाले खड्डे पाडतो, आणि ते वाढू नयेत म्हणून लोक त्यांत जुनी टायरे, पलंगाच्या स्प्रिंगा, मोडकी यंत्रे टाकतात. माझा आवाज तिथे जाऊन पडला.

आणि खरे सांगू? मला वाईट वाटले नाही. मला फुशारकी चढली. सव्वीस वर्षांनी मी छाती भरून श्वास घेत होतो. मी गरजलो की रस्त्यावरचे लोक मान वळवून बघायचे. तीन आठवडे मी असा गरजत फिरलो. गुरे तेव्हा लांबच्या कुरणात चरत होती, त्यांना पेंडीची गरज नव्हती, म्हणून माझा नवा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. ही गोष्ट डार्लाच्या लक्षात आली नाही. माझ्याही आली नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी इस्पितळातून फोन आला.

"वादळ येतंय," लव्हर्न म्हणाला. "आधी पाऊस, मग बर्फ. गुरांच्या अंगावर अजून हिवाळ्याचे केस नाहीत. दुपारच्या आत त्यांना वारा अडवणाऱ्या झाडांच्या पट्ट्याआड आण. पेंड घे, टेकडीवर जा, तीनदा जोर दे. येतील."

"आणते, बाबा."

"तळ्याकडं जाऊ देऊ नकोस."

मित्रांनो, बर्फाच्या वादळात गुरे वाऱ्याकडे पाठ करून चालू लागतात आणि थांबत नाहीत. त्या कुरणात वारा जिकडे वाहतो तिकडे तळे आहे. डोळ्यांवर बर्फ थापलेल्या गाईला पाणी दिसत नाही. ती चालतच राहते.

आम्ही टेकडीवर पोचलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता. खाली एकशे बारा गाई आणि त्यांची वासरे. डार्लाने जोर दिला. मी गरजलो. सगळ्या गाईंनी एकदम माना वर केल्या. दुसऱ्यांदा गरजलो तशा त्या शेपट्या उभारून उधळल्या, माझ्यापासून दूर, तळ्याच्या बाजूला. अर्धकानी सगळ्यात पुढे होती.

डार्लाने काय नाही केले! ती खाली उतरून ओरडली, पेंडीची पोती फोडून गोळ्या उधळल्या, मला वळसा घालून पुढे नेले. मी जवळ गेलो की त्या आणखी पळत. पाऊस टोचायला लागला, मग पांढरा झाला. ती घसा बसेपर्यंत ओरडली, आणि शेवटी पवनचक्कीच्या टेकडीवर आली, कारण फोन फक्त तिथून लागतो.

"बाबा, येत नाहीत! पळताहेत माझ्यापासून! मी काय करू?"

पलीकडून लव्हर्नने विचारले, "ही कुणाची गाडी वाजतेय?"

"आपलीच."

"नाही."

"आपलीच आहे, बाबा. मी... मी नळी बदलून घेतली. तुम्हाला घरी आल्यावर दाखवायची होती."

तो ओरडेल असे मला वाटले. तो ओरडला असता तर बरे झाले असते. तो हळूच म्हणाला, "तुझ्या आईचा डबा कुठाय?"

डार्लाने तिथूनच फोन करून ड्वेनला बोलावले, फोन आसनावर टाकला आणि मला वळवले. परत येताना तिने मला इतके पळवले की माझी हाडे खिळखिळी झाली. ड्वेन आला तेव्हा ती खड्ड्यात गुडघ्यावर बसून हातांनी ओली वाळू उपसत होती. तीन आठवड्यांत वाऱ्याने सगळे झाकून टाकले होते.

"अगं, फावडं तरी घे!"

"कुठाय ते तुला माहितेय का? मग बोलू नकोस, खण!"

सायलेन्सर सापडला. डबा त्याला चिकटूनच होता, फक्त चेपला होता. गोठ्यात ड्वेनने माझी धुराडी तोडली. आता जाड नळीत जुनी बारीक नळी घट्ट बसेना. त्याने पिंपाचा पत्रा कापला, गुंडाळला, वर कुंपणाची तार आवळली. त्याची बोटे गारठून रक्ताळली होती.

"मी हसलो होतो त्या डब्याला," तो एकदा म्हणाला.

"मीही हसले होते," डार्ला म्हणाली. "तार दे."

या सगळ्यात सव्वा तास गेला. तो सव्वा तास मला अजून सोडत नाही. मला नुसते उभे राहण्यावाचून गत नव्हती, आणि बाहेर वारा वाढत चालला होता.

आम्ही पुन्हा निघालो तेव्हा चार हातांवरचे दिसत नव्हते. जोड कच्चा होता, धूर भसाभसा आत येत होता. डार्लाने दोन्ही काचा उघड्या टाकल्या, तरी ती खोकत होती. एकदा ती दाराबाहेर वाकून ओकली. माझाच धूर तिला मारतोय आणि मी बंदही पडू शकत नाही, कारण मी बंद पडलो तर सगळेच संपले. असे हाल वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत.

तळ्याच्या अलीकडे आम्ही थांबलो. पांढऱ्यात काळे काहीतरी सरकत होते. डार्लाने जोर दिला. झर्र. पुन्हा. झर्र. तिसऱ्यांदा. कुणीही वळले नाही. वारा माझा आवाज उचलून भलतीकडे नेत होता. पुढून पाण्याचा आवाज आला, आणि एक हंबरडा, आणि तो मध्येच तुटला.

"ऐका गं," डार्ला रडत होती. "आई, त्यांना ऐकू येऊ दे."

तिने मला वळसा घालून वाऱ्याच्या बाजूला नेले, पार त्यांच्या पाठीशी. मी उरलासुरला सगळा जोर लावला. डबा फुटेल की काय अशी भीती वाटली, तरी लावला. एकदा, दोनदा, तीनदा.

एक गाय थांबली. तिच्या पापण्यांवर बर्फाचे गोळे लटकले होते. तिने आपले अर्धे कान माझ्याकडे वळवले.

अर्धकानी हळूहळू फिरली आणि माझ्या मागच्या फळीला नाक लावून उभी राहिली. मग दुसरी आली, मग आणखी. पाऊणएक कोस मी चालण्याच्या गतीने गेलो आणि त्या माझ्या आवाजाला धरून मागे आल्या. ड्वेनने फाटक उघडले. डार्ला झाडांच्या आडोशाला उभी राहून मोजत होती. एक्क्याण्णव झाल्या आणि मागे पांढऱ्याशिवाय काही उरले नाही. तरीही ती बराच वेळ मोजायला उभीच होती.

एकवीस गाई आणि तेरा वासरे तळ्यात गेली. त्यांत अर्धकानीचे वासरू होते. ती चार दिवस फाटकाशी उभी राहून हंबरत होती. मी समोरच उभा असायचो. मला तिची माफी मागता येत नव्हती.

नोव्हेंबरात लव्हर्न घरी आला, चौपायी काठी टेकत. डार्ला पायरीवर उभी होती. तिने महिनाभर घोकलेले वाक्य म्हटले, "बाबा, त्या एकवीस गाई माझ्यामुळे गेल्या."

लव्हर्न माझ्यापाशी आला. त्याने वाकून खालचा डबा पाहायचा प्रयत्न केला, पण खुब्याने वाकू दिले नाही. मग त्याने खिडकीतून हात घालून भोंग्यावर तळवा ठेवला आणि दाबला. काहीच वाजले नाही.

"बावीस वर्षं," तो म्हणाला. "एक तार जोडायची होती, पोरी. भोंगा असता, गुरांना त्याची सवय असती, तर तू काहीही कापलं असतंस तरी चाललं असतं. मी नाही जोडली. फोनवर ओरडलो नाही, ते त्यामुळं." हात बाहेर काढत तो म्हणाला, "एक्क्याण्णव गाई त्या वादळातून मीही आणल्या नसत्या. तुला जमलं."

डार्ला तिथेच पायरीवर बसली आणि हमसून रडली.

मित्रांनो, आता माझा भोंगा वाजतो. पण कळप भोंग्याला येत नाही, डब्यालाच येतो. आणि डबा गंजून चाळण झाला आहे. तसा पत्र्याचा डबा आता मिळत नाही, कॉफी प्लास्टिकमधून येते. म्हणून डार्ला रोज सकाळी टेकडीवर आधी भोंगा वाजवते आणि मग मला तीनदा गुरगुरायला लावते, नव्या वासरांना दोन्ही आवाज एकच वाटावेत यासाठी. रोज डब्याचा एखादा कपचा गळून पडतो, तो मला जाणवतो.

तुमच्या घरात एखादी जुनी, खडखडणारी वस्तू असेल. ती बदला, दुरुस्त करा, माझी हरकत नाही. फक्त कापण्याआधी एकदा विचारा, हिच्या आवाजाला कोण ओळखतं? आणि जी लहानशी तार "करू कधीतरी" म्हणून राहिली आहे, ती आज जोडा.

काल सकाळी भोंगा वाजला तेव्हा एका वासराने मान वर केली. एकाच. बाकीची डब्याची वाट बघत उभी होती.